चौदा नळ्या

त्या सोमवारी मालनआत्या भांडली नाही. आजार खरं तर तिथंच ओळखायला हवा होता.

एरवी सकाळी डोळे उघडले की आत्याचं तोंड सुरू. दूधवाल्यानं पाणी घातलं, शेजारच्या कुत्र्यानं अंगण घाण केलं, हर्षदानं चहात आलं किसून न घालता ठेचून घातलं. एकेका गोष्टीचा असा पंचनामा व्हायचा की ऐकणाऱ्याला आपण खून केलाय असं वाटावं. बहात्तर वर्षांच्या या बाईनं कुरणवस्तीत बेदाण्याच्या शेडवर आयुष्य काढलं होतं. तिथं शंभर बायकांच्या गलक्यात आपलं म्हणणं पोचवायचं, तर आवाज लागतोच. हर्षदा चार वर्षांची असताना तिचे आईवडील एकापाठोपाठ गेले, आणि या विधवा, मूलबाळ नसलेल्या आत्यानं भाचीला पदराखाली घेतलं. तिला वाढवलं, शिकवलं, प्रयोगशाळेचा डिप्लोमा करायला लावला, आणि रोज न चुकता शिव्या घातल्या. आता हर्षदा मगदूम तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळत होती. घरात ती आत्याला 'तू' म्हणे, आत्या तिला 'भवाने' म्हणे, आणि दोघींचं झकास चाललं होतं.

त्या सकाळी हर्षदानं चहा पुढे ठेवला. आत्यानं कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

"आलं ठेचून घातलंय बरं का," हर्षदा मुद्दाम म्हणाली.

"असू दे, सुमन."

हर्षदाचा हात जागच्या जागी थांबला. सुमन म्हणजे तिची आई. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

तिनं आत्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. उलट अंग गार, घामेजलेलं, आणि छाती भराभर वरखाली होत होती. हर्षदानं चहा तसाच टाकला, समोरच्या गल्लीतली बॅटरीची रिक्षा बोलावली आणि आत्याला जवळजवळ उचलूनच रुग्णालयात नेलं.

रक्त घ्यायला तिनं दंडाला पट्टा बांधायला काढला. तोच आत्यानं आपणहून हात पुढे केला. मालन मगदूम या बाईनं जन्मात कधी कुणाला रक्त काढू दिलं नव्हतं. "माझं रगात माझ्यापाशीच ऱ्हाईल, तुमाला काय करायचंय त्येचं?" असं म्हणून तिनं डॉक्टरांना, नर्सांना आणि खुद्द हर्षदालाही कितीदा वाटेला लावलं होतं. आज ती मुकाट बसली होती, कोपर सरळ करून, शहाण्या मुलासारखी. हर्षदाला रडूच यायला लागलं. पण हात कामाला लागलेले असले की रडता येत नाही, तेवढं एक बरं असतं.

तिनं नळी रक्तपारखात ठेवली.

आता हे रक्तपारख म्हणजे काय, ते सांगायला हवं. दोन हजार चाळीसच्या आसपास अशी यंत्रं बहुतेक तालुक्यांत आली होती. रक्तात जंतू शिरले की शरीर काही गप्प बसत नाही. यकृत ठरावीक प्रथिनं भराभर ओतायला लागतं. प्रोकॅल्सिटोनिन नावाचं एक द्रव्य एरवी गळ्यातल्या ग्रंथीत चिमूटभर तयार होतं, ते अशा वेळी अंगभरच्या पेशी बनवू लागतात. आणि ताप विषाणूचा असेल तर त्याला बराचसा लगाम बसतो. पांढऱ्या पेशींवर नव्या खुणा उगवतात. म्हणजे चोर दिसला नाही तरी आळीतली कुत्री कोणत्या सुरात भुंकताहेत त्यावरून कोण आलंय ते कळावं, तसं हे. पूर्वी चोरालाच पकडायला लागायचं. कल्चर करायचं, म्हणजे रक्त बाटलीत घालून उबेत ठेवायचं आणि जंतू वाढायची वाट बघायची, दोन दिवस, कधी तीन दिवस. तोवर पेशंट राहिला तर राहिला. रक्तपारख अशा बावीस खुणा चाळीस मिनिटांत वाचायचं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा द्यायचं. साठाच्या वर गेला तर रक्तात जंतू असणार हे जवळजवळ नक्की. "काय, आकडा लागला का?" अशी मटक्याची थट्टा तालुक्यात सगळेच करत.

पण गोम अशी होती की 'नॉर्मल' म्हणजे काय, हे माणसागणिक वेगळं असतं. सांधेवाताच्या माणसाच्या अंगात यातली बरीच द्रव्यं बारा महिने चढलेली असतात. म्हणून यंत्र येण्याआधी साठीच्या पुढच्या लोकांचं धडधाकट असतानाचं रक्त घेऊन ठेवलेलं होतं. त्याला म्हणायचे निरोगी नोंद. माणूस आजारी पडला की यंत्र त्याला त्याच्याच निरोगी नोंदीशी ताडून बघायचं आणि किती फरक पडला त्यावरून आकडा काढायचं.

आणि आकड्याला किल्लीची किंमत होती. एके काळी आपल्याकडे लोकांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या, जंतू त्यांना सरावले, आणि शेवटी खरी कामाची अशी पाच-सहा औषधं उरली. ती आता कुलूपबंद कपाटात असत. आकडा साठाच्या वर गेला की कुलूप आपोआप उघडे. नाही गेला, तर डॉक्टरनं लेखी कारण देऊन उघडायचं आणि जिल्ह्याला उत्तर द्यायचं.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. चौदा. हिरवा.

डॉक्टर शार्दूल नाईकनवरे तिशीच्या आतला मुलगा होता, हुशार आणि मनापासून काम करणारा. त्यानं आत्याला तपासलं, रक्तदाब बघितला, आकडा बघितला.

"हर्षदाताई, जंतूंचं काही दिसत नाही. एप्रिलचं ऊन आहे, अंगातलं मीठ कमी झालं की म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो. सलाईन लावू, कल्चरला रक्त पाठवा, चार तासांनी पुन्हा आकडा घेऊ."

"सर, ती भांडत नाहीये."

शार्दूल हसणार होता, पण तिचा चेहरा बघून हसला नाही. "मला कळतंय. पण गेल्या वर्षी मी आकड्याविरुद्ध तीनदा कपाट उघडलं. तिन्ही वेळा आकडाच बरोबर निघाला, आणि एका आजोबांची मूत्रपिंडं त्या औषधानं कायमची दुखावली. तुमच्या आत्याबाईंचीही मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत. उगाच कसं देऊ?"

त्याचं काही चुकत होतं असं नाही. हर्षदा प्रयोगशाळेत परत आली आणि पडद्यापुढे नुसती बसून राहिली. आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असे, ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. तिनं वाचली.

'निरोगी नोंद: कुरणवस्ती शिबिर, सहा वर्षांपूर्वी. नमुना घेणारे: भा. र. ऐनापुरे.'

तिनं पुन्हा वाचली. मग पुन्हा.

आत्याची निरोगी नोंद? पण आत्यानं तर रक्त दिलंच नव्हतं! त्या शिबिराला हर्षदा स्वतः हजर होती, नुकती लागलेली शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून. वस्तीच्या देवीची जत्रा चालू होती. जत्रेचे पाच दिवस कुरणवस्तीत कुणी लोखंड अंगाला लावत नाही. दाढी नाही, नखं नाहीत, आणि सुई तर नाहीच नाही. तरणी पोरं ऐकतील, म्हातारी कुठली ऐकायला! आत्यानं तर कालथा घेऊन हर्षदाला आणि ऐनापुऱ्यांना, दोघांनाही अंगणाबाहेर काढलं होतं. मग हे रक्त आलं कुठून?

ती उठली, मदतनीस बाईंना आत्यापाशी बसवलं आणि स्कूटर काढली.

भास्कर ऐनापुरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, रुग्णालयामागच्या दुसऱ्या गल्लीत राहत. छत्तीस वर्षं त्यांनी ही प्रयोगशाळा चालवली होती. हर्षदाला सुई धरायला त्यांनीच शिकवलं. "शीर डोळ्यांनी शोधू नकोस बाळ, बोटानं शोध," हे त्यांचं वाक्य ती आजही रोज कुणाच्या तरी हातावर वापरत होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, बायको वारली, गुडघे गेले, पण माणूस तसाच हसरा. दार उघडंच होतं. अण्णा कढीलिंबाच्या कुंडीला पाणी घालत होते.

"ये गं बाळ! आज कामाच्या वेळात कशी वाट चुकलीस? बस, चहा टाकतो."

"अण्णा," हर्षदा उभ्यानंच म्हणाली, "आत्या ॲडमिट आहे. आकडा चौदा आलाय. तिची निरोगी नोंद कुणाच्या रक्ताची आहे?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. ठेवताना पाणी सांडलं, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. भिंतीला धरत धरत ते बाजेवर बसले.

"माझ्या," ते म्हणाले.

हर्षदानं कुणाकडूनही हे ऐकून घेतलं असतं, अण्णांकडून नाही. तिला वाटलं होतं काहीतरी घोटाळा असेल, नावात नाव असेल, ते हसून समजावून सांगतील. तिला भयंकर राग आला.

"दोनशे नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय यंत्र मिळणार नव्हतं," अण्णा जमिनीकडे बघत सांगायला लागले. "एकशे शहाऐंशी झाल्या होत्या. कुरणवस्तीचे चौदा राहिले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, आणि वस्तीत जत्रा. मी जिल्ह्याला फोनवर फोन केले, चार दिवस द्या म्हणून. म्हणाले, तुम्हाला नको असेल तर शेजारच्या तालुक्यात देतो यंत्र. त्याच महिन्यात आपल्याकडं तीन बाळंतिणी जंतुदोषानं गेल्या होत्या, आठवतंय ना तुला? कल्चरची बाटली उबेत होती आणि बाई वर गेली होती, तिन्ही वेळा. मला ते यंत्र पाहिजेच होतं."

"म्हणून स्वतःचं रक्त?"

"लॅबवाल्याची जुनी खोड गं. तपासणीला निरोगी माणसाचं रक्त लागलं की आपण काय करतो? बाही वर करतो. तूही केलीस, मीही केली. त्या रात्री चौदा नळ्या भरल्या, आणि चिकटपट्ट्यांवर चौदा जणांची नावं लिहिली. म्हटलं जत्रा झाली की एकेकाचं खरं रक्त घेऊन नोंद बदलून टाकू. पण नोंदी सील झाल्या. बदलायच्या तर कारण लिहून द्यायला लागत होतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. सगळे माझे सत्कार करत होते, हर्षदा. धीर झाला नाही."

"पण अण्णा, तुमचा तर सांधेवात..."

"हो. तेव्हा गुडघे ऐन भरात होते," अण्णा म्हणाले. "माझ्या रक्तातली सगळी द्रव्यं चढलेली. मला वाटायचं, चौदा म्हातारी माणसं, कोण कधी आजारी पडतंय. मी स्वतःला काय काय सांगायचो, तुला काय सांगू!"

म्हणजे यंत्र आत्याचं आजचं रक्त अण्णांच्या सुजलेल्या गुडघ्यांशी ताडून बघत होतं, आणि म्हणत होतं, फारसा फरक नाही, सगळं ठीक आहे.

हर्षदा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. राग होताच, पण समोर तिचे अण्णा होते, धोतराची कड चुरगळत बसलेले. तिच्या डोक्यात भराभर चक्रं फिरली.

"ऐका. मी लिहून देते की शिबिरात माझ्याकडून एक चिकटपट्टी चुकली. मी तेव्हा शिकाऊ होते. शिकाऊ पोरीची चूक, फार तर ठपका बसेल. आत्याची नोंद रद्द होईल, कपाट उघडेल. तुमचं नाव यायला नको."

अण्णांनी मान वर केली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मोह तो, नाहीतर काय! माणूसच होते शेवटी.

मग ते म्हणाले, "आणि बाकीचे तेरा?"

हर्षदा मनात नावं आठवू लागली.

"मला पाठ आहेत," अण्णा म्हणाले, आणि बोटांवर मोजायला लागले. "हौसा पवार. गणपा पवार. बाळू न्हावी. सदू ठोंबरे. शेवंता ठोंबरे..."

"थांबा," हर्षदा म्हणाली. "शेवंताकाकू गेल्या, अण्णा. गेल्या श्रावणात."

"माहीत आहे. वयानं गेली ना?"

"तापानं. आपल्याकडंच होत्या. आकडा मीच काढला होता. अठरा. हिरवा."

मग अण्णा बाजेला रेटा देऊन उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि गुंड्या उलटसुलट लावत म्हणाले, "चल. मला मागं बसव तुझ्या गाडीवर."

रुग्णालयात पोचेपर्यंत आत्याचा रक्तदाब आणखी उतरला होता. नखं निळसर दिसत होती. शार्दूल तिच्या उशाशी उभा होता, सलाईनचा वेग वाढवत होता आणि सारखा पडद्याकडे बघत होता. त्यानं पुन्हा रक्त तपासलं होतं आणि आकडा आला होता एकोणीस.

"काहीतरी चुकतंय," तो हर्षदाला बघताच म्हणाला. "ही बाई समोर खचत चाललीय आणि यंत्र म्हणतंय..."

"यंत्राचं चुकत नाहीये, डॉक्टर," अण्णा दारातून म्हणाले. "माझं चुकलंय."

त्यांनी उभ्यानं सगळं सांगितलं. चार वाक्यांत, कुठंही स्वतःला न झाकता. वॉर्डातले पेशंट, नातेवाईक, नर्सा, सगळे ऐकत होते. शार्दूलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"चौदा नळ्या एकाच माणसाच्या? आणि यंत्राला कळलं नाही?"

"त्याला कुणी विचारलंच नाही. ते माणसाला त्याच्या स्वतःशी ताडतं, शेजाऱ्याशी नाही."

"तुम्ही काय केलंय ते कळतंय का तुम्हाला? मी या आकड्यावर विसंबून लोकांना घरी पाठवलंय, ऐनापुरे! माझ्या सहीनं!"

"ओरडा नंतर," हर्षदा म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती रुग्णालयात कधीच बोलली नव्हती. क्षणभर आत्याच बोलल्यासारखं वाटलं. "आधी नोंद रद्द करा."

पडद्यावर अर्ज उघडला. निरोगी नोंद रद्द करण्याचं कारण. अण्णांनी चष्मा लावला आणि एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: 'हे रक्त मालन मगदूम यांचं नाही, माझं आहे. यादीतल्या उरलेल्या तेरा नोंदीही माझ्याच रक्ताच्या आहेत. त्यांना विचारलं नव्हतं. दोष माझा एकट्याचा.' खाली अंगठा टेकवला.

नोंद गेली. आता यंत्राला आत्याशी ताडायला आत्याचं असं काहीच उरलं नाही, तेव्हा त्यानं तिला सत्तरी ओलांडलेल्या इतर बायकांच्या सरासरीशी ताडलं. रक्त तेच, नळी तीच. एकोणीसचे झाले एक्क्याऐंशी. आकडा लाल झाला आणि कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप खटकन उघडलं.

शार्दूलनं औषध भरलं. हर्षदानं आत्याचा हात धरून ठेवला. अण्णा भिंतीशी स्टुलावर बसले, आणि त्यांच्याशी कुणी एक शब्दही बोललं नाही.

दोन दिवस आत्या इकडे की तिकडे अशी होती. हर्षदा तिच्या उशाशी बसून राहिली आणि मनातल्या मनात तिला सांगत राहिली, ऊठ गं बाई, मला शिव्या दे, हव्या तेवढ्या दे. बुधवारी कल्चरच्या बाटलीत जंतू वाढले. लघवीच्या वाटेनं रक्तात शिरलेले, वयस्कर बायकांना नेहमी गाठतात तेच. गुरुवारी सकाळी आत्यानं डोळे उघडले, रुग्णालयाचा चहा तोंडाला लावला आणि म्हणाली, "ह्यो चहा हाय का भांडी धुतलेलं पाणी?" हर्षदा सगळ्या वॉर्डासमोर तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. "सर बाजूला, भवाने, सुई निघंल," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

अण्णांची चौकशी बसली. पेपरात फोटो आला, सत्कारातलाच, वेगळ्या मथळ्याखाली. गल्लीतले लोक समोरून आले की रस्ता ओलांडायला लागले. यंत्रं बनवणाऱ्यांनी राज्यभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघितल्या, तेव्हा आणखी पाच तालुक्यांत असेच 'अण्णा' निघाले. त्यानं कुणाचा गुन्हा लहान होत नाही, पण हर्षदाला ते ऐकून रडू आलं. त्या सगळ्यांनी बाही वर केली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि सगळ्यांनी म्हटलं असेल की पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू.

जिल्ह्यावरून आदेश आला की कुरणवस्तीच्या नोंदी पुन्हा घ्याव्यात. तेरांपैकी दोघं मधल्या काळात गेली होती, एक अपघातात, एक हृदयाच्या झटक्यानं. तिसरी शेवंता. राहिले दहा. अण्णा म्हणाले, मी बरोबर येतो, प्रत्येकाला मलाच सांगायला पाहिजे. शार्दूलनं हरकत घेतली नाही. तो अण्णांशी अजून बोलत नव्हता, पण त्यांना चालायला त्रास होतो म्हणून रुग्णालयाची गाडी मात्र त्यानं दिली.

आत्यानं घरी आल्यावर पहिलं काम केलं ते अण्णांना बोलावणं पाठवलं. ते दारात उभे राहिले तर म्हणाली, "तोंड काय पाडताय मेल्याहो? घ्या रगात. आता तरी माझंच घ्या." आणि हात पुढे केला, चांगली रागानं बघत.

वस्तीत नऊ घरं झाली. कुणी शिव्या दिल्या. कुणाला काय घडलं ते नीटसं कळलंच नाही. हौसाबाई पवारांनी तर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सा वर्सं आमच्या नावानं तुमी सुई टोचून घेतली व्हय?" आणि चहा केला. प्रत्येक घरी अण्णा सांगायचे आणि रक्त हर्षदा घ्यायची.

दहावं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सदू ठोंबरे, शेवंताचा नवरा, वय वर्षं एक्क्याऐंशी. घर चढावर, म्हातारा उंबऱ्यात बसला होता. अण्णा काठी टेकत वर आले, धाप लागलेली. बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, नऊ घरांत सांगितलं तसंच. मग म्हणाले, "सदुनाना, शेवंतावहिनींची नोंदसुद्धा माझ्याच रक्ताची होती. गेल्या श्रावणात त्यांचा आकडा अठरा आला. म्हणून औषध दिलं नाही."

समोरच्या रानात कुणीतरी शेळ्या हाकत होतं, त्यांच्याकडे म्हातारा बघत राहिला.

"तीन दिस मी तिच्यापाशी बसून हुतो," सदुनाना मग म्हणाले. "डाक्टर म्हनायचा, नाना, काळजी करू नगा, आकडा बरा हाय. मी तिला तेच सांगायचो. तिला लई बरं वाटायचं ऐकून." मग त्यांनी अण्णांकडे बघितलं. "खरा आकडा आला असता तर वाचली असती ती?"

हर्षदाला वाटलं, अण्णा आता म्हणतील, सांगता येत नाही, वय झालं होतं. ते खरंही होतं.

"वाचली असती का, ते मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "पण कपाट उघडलं असतं."

अण्णा अजून काठीवर रेलून उभेच होते. सदुनानांनी ते बघितलं. उंबऱ्यात थोडे बाजूला सरकले आणि हातानंच खूण केली, बसा. क्षमा केली, असं काही ते बोलले नाहीत. आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी केली की नाही, ते हर्षदाला पुढंही कधी कळलं नाही. दोघं म्हातारे एका उंबऱ्यात बसले आणि अण्णा तोंडावर उपरणं धरून रडले.

थोड्या वेळानं हर्षदा पुढे झाली. सदुनानांच्या दंडाला पट्टा बांधून तिनं सुई काढली, तशी म्हाताऱ्यानं हात मागे घेतला.

"तू नगं, पोरी. ह्येंना काढू दे. तवा ह्येंनीच काढायचं हुतं."

हर्षदा घुटमळली. अण्णांनी सुईला हात लावायचा नाही, असं चौकशीच्या कागदात होतं. मग तिनं अर्जावर 'नमुना घेणारे' या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, जे काय उत्तर द्यायचं ते मी देईन असं मनाशी म्हटलं, आणि सुई त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी डोळे पुसले. त्या सुरकुतल्या कोपरात बोटानं शीर शोधली. नळीत रक्त आलं, गडद, निवांत. त्यांनी कापूस दाबून धरला, चिकटपट्टी घेतली, तिच्यावर सावकाश नाव लिहिलं आणि नळी उजेडात धरून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"सदाशिव रामू ठोंबरे. कुरणवस्ती."

म्हाताऱ्यानं नळीकडे नीट निरखून बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "ह्यो मीच."